कट म्हणायचं राहिलं

चला, एक खोली डोळ्यांसमोर आणू. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कोण?

खोली लहान आहे. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर जुन्या चादरींच्या चार घड्या आणि त्यांच्यावर इस्त्री. इस्त्रीची वायर छताच्या हुकाला टांगलेली, म्हणजे ती कपड्यांत लुडबुडत नाही. भिंतीलगत लोखंडी दांडी आणि दांडीवर इस्त्री झालेले कोट. प्रत्येकाच्या कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचलेली. खोलीत कायम वाफ असते. चष्मा घालून आत आलं की मिनिटभर काहीच दिसत नाही. त्यामुळे चष्मेवाली गिऱ्हाइकं दारातच थांबतात आणि समोरच्या कोटाला माणूस समजून त्याच्याशी बोलायला लागतात.

दिसली खोली? आता तिच्यात बारा वर्षांची एक मुलगी उभी करा. हातात मोबाइल आडवा धरलेला, एक डोळा बारीक केलेला आणि तोंड उघडं. तोंड उघडं असायलाच हवं. शाळेत तिला सगळे भोंगा म्हणत, कारण ती कुणाच्या कानात काही सांगायला लागली की शेजारचा वर्ग गप्प होऊन ऐकायचा. तिच्यासमोर, कोटांच्या दांडीपाशी, तिची मैत्रीण उभी करा. ही इतकी बारीक की बाजूने उभी राहिली तर हजेरीत गैरहजर लागायची. हिला म्हणत सुतळी. लाँड्री सुतळीच्या मावशीची होती आणि मावशी-भाची दोघी मागच्या खोलीत राहत.

भोंगा काय करत होती? पिक्चर काढत होती.

त्याचं असं झालं. वाचनालयाच्या बाईंनी दारावर कागद चिकटवला होता. मुलांसाठी लघुपट स्पर्धा, विषय मैत्री आणि मोठं होणं. पाच मिनिटांपेक्षा एक सेकंदही कमी भरला तर पिक्चर बाद. जो पहिला येईल तो मोठ्या थिएटरात, खऱ्या पिक्चरच्या आधी, खऱ्या पडद्यावर दाखवणार. आणि खाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं, 'हृदयस्पर्शी असावा.'

हृदयस्पर्शी म्हणजे काय हे भोंगाला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने वाचनालयात बसून असले अकरा पिक्चर पाहिले. अकराव्याला तिला सगळं कळलं. दोन मित्र असतात. त्यातला एक गाव सोडून जाणार असतो. ते सायकलवरून कुठेतरी जातात, सायकल आडवी टाकतात आणि आकाशाकडे बघतात. आकाशात काय आहे ते कुणी विचारायचं नसतं. मोठी माणसं दारात उभी राहून काहीतरी सांगणार असतात, पण सांगत नाहीत. गिटार वाजतं. शेवटी कुणीतरी रडतं, आणि ते रडलं की पाहणारे म्हणतात, वा.

"सोपं आहे गं," भोंगा सुतळीला म्हणाली. "सायकल आहे, आकाश आहे. तू जाणार आणि तू रडणार."

"मीच का रडणार?"

"कॅमेरा माझ्याकडे आहे म्हणून."

सायकलचं काम एका दुपारी उरकलं. आकाश दोनदा झालं, कारण पहिल्या वेळी कावळा मध्ये आला. मावशींनी दारात उभं राहून काहीही न बोलण्याचं काम कबूल केलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून, "सांगू का काहीतरी? नुसतं उभं राहून बावळटासारखं वाटतंय," असं विचारलं. ते तसंच ठेवलं. राहिलं फक्त रडणं.

सुतळीला रडता येईना. वाक्य एकच होतं, "मी गेले तरी तू मला विसरणार नाहीस ना?" ती ते अशा सुरात म्हणायची, जणू गिऱ्हाइकाला विचारतेय, चौदा नंबरचा कोट तुमचाच ना? दहा जांभया दिल्या की डोळ्यांत पाणी येतं असं ऐकून तिने दहा जांभया दिल्या. अकरावी भोंगाला आली. भोंगाची आत्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. तिच्याकडचं दाढेवर लावायचं झणझणीत औषध सुतळीच्या डोळ्यांखाली लावून पाहिलं. डोळे कोरडे राहिले, नाक मात्र तासभर वाहत होतं.

"नाकाचाच क्लोजअप घे," सुतळी म्हणाली.

भोंगाला हसू आलं नाही. शनिवारी सगळे पिक्चर वाचनालयात दाखवणार होते, त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत पिक्चर द्यायचा होता आणि आज सोमवार होता.

आता इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. भोंगाला ती माहीत होती आणि कुणालाही सांगणार नाही असं तिने कबूल केलं होतं.

सुतळीची आई लांबच्या शहरात, एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन यायचा. दुकानाचा मोबाइल घेऊन सुतळी कोटांच्या मागे जायची आणि दहा मिनिटं बोलायची. मावशी इस्त्री फिरवत ऐकायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. पण एका रविवारी भोंगाही कोटांच्या मागे होती. सुतळी कानाला फोन लावून म्हणत होती, "हो आई, जेवले. हो, अभ्यासही करते." आणि तेवढ्यात तोच फोन तिच्या कानापाशी खणखणीत वाजला. पलीकडून एक माणूस पँट कधी मिळेल विचारत होता.

सुतळीने त्याला सांगितलं, मंगळवारी. मग ती भोंगाकडे बघत राहिली. आईचा फोन येईनासा होऊन चार महिने झाले होते. दर रविवारी सुतळी न आलेल्या फोनशी बोलत होती.

तर त्या सोमवारी मावशी कपडे पोचवायला गेल्या होत्या. सुतळी कोटांपाशी उभी होती. भोंगाने मोबाइल चालू केला, दोन पावलं पुढे आली आणि विचारलं, "काल आईचा फोन आला होता?"

सुतळीला वाटलं, ही पिक्चरसाठीच काहीतरी विचारतेय. "हे वाक्य आपल्या पिक्चरमध्ये कुठाय?"

"आला होता का?"

"तुला माहितीये."

"मला माहितीये. चार महिने नाही आला. तू एकटीच बोलतेस. ती तुला विसरली."

भोंगाच्या मनात एवढंच होतं की सीन व्हावा. दाराच्या वरच्या काचेतून उजेड बरोबर सुतळीच्या गालावर पडला होता आणि मागे वाफ होती. अकरा पिक्चरांत इतका सुंदर उजेड नव्हता.

सुतळीने मोबाइलकडे पाहिलं. मग तिची हनुवटी हलली. "मावशीला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिला कळलं तर ती आईला फोन करून भांडेल. मग आई कधीच करणार नाही." आणि ती रडायला लागली. पिक्चरमधली माणसं रडतात तशी नाही. तिचं नाक लाल झालं, तोंड वाकडं झालं आणि तिने शेजारच्या, नुकत्याच इस्त्री झालेल्या कोटाच्या बाहीला नाक पुसलं.

"झालं?" तिने विचारलं.

"थोडा वेळ चेहरा तसाच ठेव," भोंगा म्हणाली.

सुतळी तिच्याकडे बघतच राहिली. अशा वेळी म्हणायचा शब्द भोंगाला चांगला ठाऊक होता. पिक्चर सुरू झाल्यापासून तिने तो पन्नास वेळा म्हटला होता, कावळ्यालाही म्हटला होता. आता मात्र तो तिच्या तोंडातून बाहेर पडेना, कारण शॉट अजून चालू होता आणि अजून चांगला होत होता.

"कट म्हण," सुतळी म्हणाली.

भोंगाने मोबाइल आणखी घट्ट धरला.

"नाही म्हणत? मग मी म्हणते. कट्टी."

आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. मोबाइलमध्ये नंतर बराच वेळ नुसता एक कोट हलत होता.

तसं बघायला गेलं तर दोन्ही शब्दांत फरक एका 'टी'चा. पण कटनंतर पुढचा शॉट असतो.

आत्या दिवसभर दवाखान्यात माणसांना रडताना बघायची. लहान, मोठी, मिशीवाली, सगळी. त्यामुळे कुणाच्या रडण्याने ती हलत नसे. त्या संध्याकाळी भोंगाने तिला तो शॉट आवाज बंद करून दाखवला, कारण आवाज चालू करायची तिची हिंमत झाली नाही. आत्याचा घास हातातच राहिला.

"ही आपली सुतळी?" ती म्हणाली. "अगं, काय काम केलंय पोरीने. हिला हे सांगितलं कुणी करायला?"

"मी."

"मग नंबर तुझाच. लिहून ठेव. आवाज का बंद आहे?"

"गिटार घालायचंय," भोंगा म्हणाली आणि ताट घेऊन मोरीकडे गेली. अर्धं जेवण त्यात तसंच होतं.

मंगळवारी आणि बुधवारी सुतळी शाळेत दुसऱ्या बाकावर बसली. गुरुवारी भोंगा लाँड्रीत गेली. मावशी एका चादरीवर इस्त्री फिरवत होत्या, सुतळी चिठ्ठ्या टाचत होती.

"मावशी," सुतळी वर न बघता म्हणाली, "तिला विचार, काय काम आहे."

मावशींनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "ती इथेच उभी आहे की."

"मी तिच्याशी बोलत नाही."

"एवढ्या घोड्या झालात आणि कट्टी करताय? बरं. काय गं, काय काम आहे तुझं?"

"मावशी, तिला सांगा, त्या सीनबद्दल बोलायचंय," भोंगा म्हणाली.

"तिला सांग, मला ऐकू येत नाही."

"हिचं तुला ऐकू येत नाही?" मावशी म्हणाल्या. "हिच्या आवाजाने माझ्या शर्टांची बटणं तुटतात. कुठला सीन गं?"

 इस्त्रीने एकदा फुस्स केलं.

"रडण्याचा," शेवटी सुतळी म्हणाली. "तिला सांग, तिचा पिक्चर आहे. तिला हवं ते दाखवू दे."

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. "रडलीस? तू? तू तर इंजेक्शन घेताना डॉक्टरांना गुदगुल्या होतात का विचारतेस. मग मी येणारच. शनिवारी दुकान बंद. चौदा नंबरच्या कोटवाल्यांनाही सांगते, ते तर रोज विचारतात पिक्चर कुठवर आला."

सुतळीने हातातली चिठ्ठी कोटाऐवजी स्वतःच्या बाहीला टाचली. ती भोंगाकडे बघत नव्हती, पण आता अजिबात बघायचं नाही असं ठरवून बघत नव्हती. भोंगाला सांगायचं होतं की मी ते दाखवणार नाही. पण मावशी समोर होत्या, त्यांनी लगेच विचारलं असतं, का? आणि खरं सांगायचं तर तिचं अजून ठरलं नव्हतं.

हो, ठरलं नव्हतं. गोष्टीतली मुलगी असली म्हणून ती लगेच शहाणी होत नाही. तो शॉट वाईट असता तर प्रश्नच नव्हता. शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिने तो नऊ वेळा पाहिला आणि नवव्या वेळी तो पहिल्यापेक्षा चांगला वाटला. तो सत्तेचाळीस सेकंदांचा होता. नुसतं चित्र ठेवून वर गिटार घालावं का? तिने घालून पाहिलं. सुतळीचे ओठ 'मावशी' म्हणताना आणि मग 'आई' म्हणताना इतके स्पष्ट हलत होते की मावशींना चष्म्यावर वाफ असतानाही कळलं असतं.

साडेसहा वाजता तिने शॉट पुसला. पिक्चरमधूनही आणि मोबाइलमधूनही. पुसल्यावर आपण फार थोर आहोत असं तिला वाटलं नाही. तिला रडू आलं, आणि ते शॉट गेला म्हणून आलं.

मग तिने लांबी पाहिली. चार मिनिटं तेवीस सेकंद. पिक्चर बाद. नवीन काही काढायला वेळ नव्हता आणि मैत्रीण बोलत नव्हती. मोबाइलमध्ये पडदा नुसता काळा करायची सोय होती. तिने ज्या जागी शॉट होता तिथे सत्तेचाळीस सेकंद काळं टाकलं, आवाजही काढून टाकला, आणि सातला पाच कमी असताना धापा टाकत वाचनालयाच्या बाईंच्या हातात पिक्चर दिला.

शनिवारी दुपारी चारला वाचनालयाच्या दिवाणखान्यासारख्या खोलीत साठ खुर्च्या मांडल्या होत्या. तिसऱ्या रांगेत मावशी होत्या, नवा स्वेटर घालून. त्यांच्या एका बाजूला चौदा नंबरचे कोटवाले, अर्थातच कोटात, आणि दुसऱ्या बाजूला सुतळी. तिला मावशींनी हाताला धरून आणलं होतं. पलीकडच्या खुर्चीवर मावशींची पिशवी.

परीक्षक म्हणून एक दाढीवाले गृहस्थ आले होते. त्यांनी स्वतः तीन पिक्चर काढले होते आणि तिन्ही कुणी पाहिले नव्हते. हे ते फार अभिमानाने सांगत.

भोंगाचा पिक्चर चौथा लागला. सायकलला लोक हसले, मावशींच्या दारातल्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग कोटांची दांडी दिसली, सुतळी दिसली आणि पडदा काळा झाला. वाचनालयाचा शिपाई उठून वायर हलवायला लागला. कुणीतरी खोकलं. भोंगा पडद्याकडे बघत नव्हती, तिसऱ्या रांगेकडे बघत होती. सुतळीने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती. तीस सेकंद झाले, चाळीस झाले, आणि मग पडद्यावर रिकामी सायकल आली आणि 'समाप्त' अशी पाटी आली. सुतळीचे हात अजून खुर्चीलाच होते.

परीक्षक उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"हा अंधार," ते म्हणाले. "मैत्री संपते त्या क्षणी काय दाखवायचं, हा प्रश्न मला तीस वर्षं पडलाय. या मुलीने उत्तर दिलंय. काहीच दाखवायचं नाही. इकडे ये, बाळ."

वाचनालयाच्या बाईंनी वहीत भोंगाचं नाव लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. भोंगा पुढे गेली. तिच्या हातात माइक दिला गेला, ज्याची तिला कधीच गरज नव्हती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "पण रडण्याचा सीन कुठाय? माझी भाची रडलीय त्यात. मी दुकान बंद करून आलेय."

परीक्षकांचे डोळे मोठे झाले. "म्हणजे शॉट होता? आणि तू तो काढलास? मुद्दाम?" ते भोंगाच्या आणखी जवळ आले. "सांग ना सगळ्यांना. काय होतं त्यात?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मावशी पुढे झुकल्या होत्या. काढला म्हटलं असतं तर मावशींनी घरी जाऊन सुतळीला विचारलं असतं, असं काय बोललीस की तिला काढावं लागलं? आणि मावशी एकदा विचारायला लागल्या की उत्तर मिळेपर्यंत इस्त्री गरम करत नसत.

"काढला नाही," भोंगा म्हणाली. "अंगठा आला होता."

"अंगठा?"

"कॅमेऱ्यासमोर. माझा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"पाऊण मिनिट?" परीक्षक म्हणाले.

"मला कळलंच नाही."

"आणि आवाज? आवाजही नव्हता."

भोंगाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "दुसरं बोट माइकवर होतं."

आता सगळी खोली हसायला लागली. चौदा नंबरवाले रुमाल शोधू लागले. परीक्षकांनी मात्र अजून आशा सोडली नव्हती. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "पण नंतर तुझ्या लक्षात आलं असेल. आणि तरीही तू तो अंधार ठेवलास. कलेसाठी. हो ना?"

वाचनालयाच्या बाईंचं पेन अजून त्या गोलावरच होतं. फक्त हो म्हणायचं होतं. मोठं थिएटर, खरा पडदा.

"पाच मिनिटं भरत नव्हती," भोंगा म्हणाली.

बाईंनी गोलावर काट मारली.

"अगं कर्मा," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पोरगी जन्मात एकदा रडली आणि ही अंगठा घालून बसली. याला काय पिक्चर म्हणायचं?"

सुतळीने खुर्चीची कड सोडली होती. ती हसत नव्हती, पण भोंगाकडे सरळ बघत होती, सोमवारनंतर पहिल्यांदा.

भोंगाने माइक परीक्षकांच्या हातात दिला. लोक अजून हसत होते आणि तिचे कान लाल झाले होते. पहिल्या रांगेतली आपली खुर्ची मागे टाकून ती चालत गेली, तिसऱ्या रांगेत वळली, चौदा नंबरवाल्यांचे गुडघे ओलांडले, मावशींचे ओलांडले, सुतळीचे ओलांडले, पलीकडच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिथे बसली.